दिवा लुकलुकतोय

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं, रोज लिहायचं.

(एक तारखेलाच सुरू करणार होते, पण मनासारखं पेन मिळालं नाही. ही सबब नाही, कारण आहे.)

आधी परिस्थिती नोंदवून ठेवते. आमची कंपनी वॉशिंग मशीनच्या आतला कंट्रोल बोर्ड बनवते. बोर्डावर चिप, चिपमध्ये प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्या टीममध्ये मी. पाणी, मोटर आणि हीटर इतरांकडे आहेत. मॅडमनी, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखांनी, माझ्याकडे दाराचं कुलूप आणि पुढच्या पॅनलवरचा हिरवा दिवा सोपवलाय. बाबा सगळ्यांना सांगतात की पोरगी मशीनच्या मेंदूत काम करते. धाकटी म्हणते, ताई दाराला कुलूप लावते. तांत्रिकदृष्ट्या धाकटीचं बरोबर आहे. हे मला आवडत नाही.

प्रोबेशन एप्रिलअखेर संपतं. त्याच्या जरा आधी गिऱ्हाईक-कंपनीच्या साहेबांसमोर डेमो. डेमो नीट झाला की मी पर्मनंट. बाबांनी पर्मनंट झाल्याचं नातेवाइकांना आताच सांगून टाकलंय. वाक्यात ‘जवळजवळ’ घाला असं मी त्यांना बजावलं. ते घालतात, असं आई म्हणते, पण हळू आवाजात.

संकल्प: शंका आली की लगेच विचारायचं. मनात ठेवायचं नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ

चिपचं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं ठरवलं. उशीएवढं जाड आहे. टीममध्ये कोणीच पूर्ण वाचलेलं नाही. हार्डवेअरवाला माझ्या समोर बसतो. बोर्ड त्यानेच डिझाइन केलाय. तो म्हणाला की मॅन्युअल वाचायचं नसतं, अडलं की त्यात शोधायचं असतं. मी मनात म्हटलं, म्हणूनच तुमचे बोर्ड असे. मग असं मनात आणल्याबद्दल वाईट वाटलं आणि त्याला उगाचच माझा स्टेपलर वापरायला दिला. त्याने विचारलं, याचं मी काय करू?

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

अनुक्रमणिका वाचून झाली. भक्कम सुरुवात.

१० फेब्रुवारी

भयंकर प्रकार. काल घरी आल्यावर स्वेटरच्या बाहीत एक रेझिस्टर सापडला. मोहरीच्या दाण्याएवढा, पण कंपनीचा. रात्रभर तो कपाटावर आणि मी पलंगावर, दोघं जागे. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचून मॅडमना ईमेल केली, कॉपी स्टोअरला: काय घडलं, कोणती बाही, पुन्हा घडू नये म्हणून योजलेले उपाय (बाह्या दुमडणे), खेद. मॅडमचं उत्तर आलं, ठीक आहे. हार्डवेअरवाला म्हणाला की त्याच्या बुटाच्या तळाला तर अर्धा बोर्ड चिकटलेला असतो, मग त्याने आता पोलिसात हजर व्हावं की आधी वकील गाठावा?

हसू देत. मला हलकं वाटलं. माझी पहिली शाळा घरीच भरली. नीती आईकडे आणि यंत्रं बाबांकडे. आईने अक्षरांच्या आधी शिकवलं, की चूक झाली तर कोणी विचारायच्या आत सांगून मोकळं व्हावं. बाबांचं दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. इस्त्र्या, पंखे, मिक्सर. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला बाबा एक नवा छोटा दिवा लावून द्यायचे, गिऱ्हाइकाने मागितला नसला तरी. दिवा पेटला की गिऱ्हाईक निश्चिंत, आणि गिऱ्हाईक निश्चिंत तर आपण निश्चिंत, हे त्यांचं सूत्र. आई म्हणायची की पंखा फिरत नाही पण दिवा काय छान लागतो. बाबा म्हणायचे, पंख्याचं नंतर बघू.

एवढं खोल तत्त्वज्ञान पुढे कॉलेजात कोणीच शिकवलं नाही.

१४ फेब्रुवारी

संकट. टेस्टर वर आले. (टेस्टर म्हणजे खालच्या हॉलमध्ये दिवसभर मशीनमध्ये टॉवेल धुणारे गृहस्थ. त्यांना सगळे टॉवेलमामा म्हणतात, तोंडावरसुद्धा.) म्हणाले, धुणं संपत येतं, दार उघडणार इतक्यात मशीनला काय होतं कोण जाणे, परत पाणी भरून पहिल्यापासून सुरू करतं. सकाळपासून तेच टॉवेल चालू आहेत. एक टॉवेल त्यांनी उजेडासमोर धरून दाखवला. पलीकडचा हार्डवेअरवाला स्पष्ट दिसत होता.

काय होतंय ते लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात पक्कं होईल. चिपमध्ये वॉचडॉग असतो. राखणीचा कुत्रा. प्रोग्रामने त्याला वेळच्या वेळी खायला घालायचं, म्हणजे एक छोटीशी आज्ञा पाठवायची. प्रोग्राम कुठे अडकून बसला तर खाणं पोचत नाही, आणि कुत्रा चावतो, म्हणजे चिपला हिसका देऊन सगळं पहिल्यापासून सुरू करायला लावतो. आमचा कुत्रा नेमका दाराशी चावतोय. दार माझं.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधलंच पाहिजे. उद्या.

१५ फेब्रुवारी

दिवसभर शोधलं. माझ्या टेबलावर अगदी सुरळीत चालतं. टेबलावर मी प्रोग्रामचं तपासणीसाठीचं, सावकाश चालणारं व्हर्जन चालवते. टॉवेलमामांकडे जातं ते घट्ट आवळून वेगवान केलेलं व्हर्जन. पण दोन्हींचा कोड एकच. टेबलावर चालतो, म्हणजे दोष कोडमध्ये असूच शकत नाही. तर्क निर्दोष आहे.

मॅडमना विचारावं असं वाटलं होतं. त्या फोनवर होत्या. नंतर फोनवर नव्हत्या, पण तेव्हा चहा घेत होत्या.

१६ फेब्रुवारी

सापडलं! कुत्रा चावतो कारण उपाशी राहतो. उपाशी राहतो कारण खायला घालायचं काम मुख्य प्रोग्रामकडे आहे, आणि त्याच्या डोक्याला सतरा व्याप. पण चिपमध्ये एक टायमरही आहे. मुख्य प्रोग्रामचं काहीही होवो, हा पठ्ठ्या ठरल्या क्षणी उठतो आणि माझा हिरवा दिवा लुकलुकवतो. मग कुत्र्याचं खाणंही त्याच्याकडेच दिलं. एका ओळीचं काम.

दुपारभर चाचण्या. एकदाही चावला नाही. टॉवेलमामा म्हणाले की पोरी, तुझ्या हाताला गुण आहे. मी म्हटलं, तर्काला.

हे मॅडमना कळवायला हवं का? बराच विचार केला. रेझिस्टर ही चूक होती, म्हणून कळवली. हा डिझाइनचा निर्णय आहे. निर्णय कळवत सुटलं तर लोकांनी कामं कधी करायची?

बाबांना फोन करून सांगितलं की दिवा आणि राखण आता एकाच हातात आहे. ते म्हणाले, शाब्बास, दिवा महत्त्वाचा.

२३ फेब्रुवारी

किरकोळ तक्रार. टॉवेलमामा म्हणतात की मशीन आता पहिल्यापासून सुरू होत नाही हे खरं, पण कधीकधी धुणं संपल्यावर नुसतंच उभं राहतं. दार बंद, बटणं दाबली तर दाद नाही. मी विचारलं, दिवा? म्हणाले, दिवा लुकलुकतोय. मग मी म्हटलं की म्हणजे मशीन जिवंत आहे. त्यावर ते म्हणाले की आमच्या सासऱ्यांचंही शेवटी असंच होतं.

हा उघड हार्डवेअरचा दोष. हार्डवेअरवाल्याला तसं सौम्य शब्दांत सांगितलं. त्याने कुलपाच्या तारा तपासणीच्या यंत्राला जोडून पडद्यावर रेघ दाखवली. कुलूप वेळेवर निरोप पाठवतंय, चिपच्या पायापर्यंत निरोप पोचतोय, आत कोणी घेत नसेल तर मी काय करू, म्हणाला. वर, नाचता येईना अंगण वाकडं, हेही म्हणाला. लोक टीकेला किती घाबरतात.

संकल्प: मनाला लावून घ्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी

लावून घेतलं. डबा तसाच परत आणला.

२ मार्च

आईचा फोन रोज संध्याकाळी येतो. मी इथे भाड्याच्या खोलीत एकटी, त्यामुळे तिला काळजी. जेवलीस का, बरी आहेस ना, एवढंच विचारते. आता मला सवय झालीय. फोन कानाला लावला की तोंडातून आपोआप येतं, हो जेवले, हो बरी आहे. हात कीबोर्डवर चालूच राहतात. ऑफिसात असले तरी, जेवले नसले तरी, मीटिंगमध्ये असले तरी उत्तर वेळेवर जातं. आई निश्चिंत, तर मी निश्चिंत.

एवढी सुरळीत व्यवस्था फार थोड्या कुटुंबांत असेल.

९ मार्च

मोठी प्रगती! टॉवेलमामांनीच शोधलं. मशीन अडून बसलं की मागचा मुख्य स्विच बंद करून परत चालू करायचा. कुत्र्याच्या हिसक्यानंतर धुणं चालू होतं एवढं तरी आठवतं, वीजच गेली की मशीनला आधीचं काही आठवत नाही, आणि ते मुकाट दार उघडतं. मी हे ग्राहक-पुस्तिकेच्या मसुद्यात घातलं: ‘धुणे संपल्यावर मुख्य स्विच एकदा बंद करावा. वीज वाचते.’ वाचतेच. खोटं काही नाही.

हार्डवेअरवाल्याने मसुदा वाचला. मग शेवटी अशीही ओळ घाल म्हणाला, की तरीही दार न उघडल्यास नवीन कपडे घ्यावेत.

१३ मार्च

मावशीच्या मुलीला करिअरचं मार्गदर्शन हवंय. बाबांनी परस्पर कबूल केलं. मी तयारी करून फोनवर सविस्तर बोलले. वरवरच्या ॲप-वेबसाइटच्या मागे न लागता यंत्राच्या तळाशी काम करण्यातलं समाधान. तिथे यंत्राला फसवता येत नाही आणि स्वतःलाही. पाया, चिकाटी, प्रामाणिकपणा. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली की ताई, मला हेच विचारायचं होतं की तिथे रडू येतं का गं?

मुलांना आजकाल मूळ प्रश्नच कळत नाहीत. (येतं. पण जिन्यात जाता येतं.)

२० मार्च

मॅडम डेमोआधी प्रत्येकाचा कोड बघणार आहेत. माझा पुढच्या आठवड्यात.

संकल्प: त्याआधी दाराच्या अडण्याचं मूळ शोधायचं. शोधायचंच.

२६ मार्च

आठवडा सत्कारणी लागला. सगळ्या ओळी एका रेषेत आणल्या. नावं सुधारली. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तिचा उद्देश पूर्ण वाक्यांत लिहिला. माझ्या एका टिपणात शुद्धलेखनाची चूक सापडली, तिच्याबद्दल मॅडमना आधीच ईमेल केली. फक्त दाराचं मूळ राहिलं.

२७ मार्च

कोड दाखवला! मॅडमना दुसऱ्या प्रोजेक्टची घाई होती. वेळ थोडा आहे, ज्याची तुला सगळ्यात काळजी वाटते तेवढंच दाखव, म्हणाल्या. मी दिवा दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या. दिवा चांगला आहे, म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, बाकी सगळं ठीक ना?

मी म्हटलं, हो, ठीक आहे. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हटलं.

त्यांनी विचारलं असतं ना, की कुत्र्याला कोण खायला घालतं, तर मी तत्काळ सांगितलं असतं. आईची शिकवण आहे. पण न विचारलेलं सांगणं म्हणजे आगाऊपणा.

(आईचं मूळ वाक्य ‘विचारायच्या आत’ असं आहे. पण ते लहान मुलांसाठी होतं.)

८ एप्रिल

भूक कमी. केस गळताहेत, पण ते पाण्यामुळे. आरशात डोळ्यांखाली काहीतरी दिसतं, पण ते बाथरूमच्या दिव्यामुळे. नवा दिवा आणायला हवा.

टॉवेलमामा आता स्विचवर हात ठेवूनच उभे असतात. इतक्या सहज बंद-चालू करतात की बघणाऱ्याला कळतही नाही. टीमवर्क.

१९ एप्रिल

डेमोची रंगीत तालीम. छान झाली. मॅडमनी विचारलं की टॉवेलमामा मशीनच्या मागे का उभे आहेत? मामा म्हणाले की तिथे वारा लागतो.

संकल्प: डेमो झाल्याबरोबर, पहिल्याच दिवशी, मूळ शोधायचं.

२४ एप्रिल, सकाळ, डेमोआधी

शांत आहे. कमालीची शांत आहे. बसमध्ये चढताना शेजारच्या बाईंना सॉरी म्हटलं, उतरताना पुन्हा म्हटलं.

२४ एप्रिल, संध्याकाळ

क्रमाने लिहिते.

साहेब आले. उंचनिंच, आनंदी, भर एप्रिलातही अंगात राखाडी लोकरीचा कोट. सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. मी कॉफीचा ट्रे घेतला. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात रिकामे असले की मला भीती वाटते. साहेबांपाशी पोचले आणि कॉफी त्यांच्या बाहीवर.

मी सॉरी म्हटलं. पुष्कळदा म्हटलं. साहेब असू दे असू दे म्हणत होते. तिथेच थांबायला हवं होतं. पण चूक झाली तर भरपाई ही आलीच. मी म्हटलं, द्या ना कोट, आपल्याच मशीनमध्ये धुऊन देते, डेमोही होईल. मॅडमनी डोळे मोठे केले. हार्डवेअरवाल्याने मिटले. साहेब मात्र खूश झाले. याला म्हणतात स्वतःच्या मालावर विश्वास, म्हणाले, आणि कोट काढून दिला.

मशीनवर टॉवेलांचा कार्यक्रम लावलेला होता. तोच चालू झाला.

सुरुवात सुंदर. पाणी, मोटर, हीटर, सगळं वेळेवर. साहेब म्हणाले की दिवा फार डौलदार लुकलुकतो. मला वाटलं, बाबा इथे हवे होते. धुणं संपलं. पिळून झालं. आणि मशीन उभं राहिलं.

दार बंद. दिवा लुकलुकतोय.

आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. काचेतून कोट दिसत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग खिसे चाचपले, मग काचेकडे बोट दाखवून म्हणाले की गाडीची किल्ली त्यात आहे.

मामांचा हात स्विचकडे सरकला. मॅडम म्हणाल्या, हात लावायचा नाही. प्रेत हलवलं की कारण सापडत नाही. त्यांनी लॅपटॉप मागवला, मशीनचं पुढचं झाकण उघडून तार जोडली, आणि चिपमधला प्रोग्राम या क्षणी कुठे आहे ते पडद्यावर आणलं. प्रोग्राम माझ्या ओळीवर उभा होता. दार उघडायच्या निरोपाची वाट बघत. निरोप केव्हाच येऊन पडला होता.

मग मॅडमनी अगदी हळू विचारलं, की हा इथे असा कायमचा अडकलाय, तर कुत्रा चावत का नाही? त्याला खायला कोण घालतंय?

मी म्हटलं, टायमर.

म्हटलं होतं ना, विचारलं असतं तर तत्काळ सांगितलं असतं.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेबांनी विचारलं की म्हणजे नेमकं काय? हार्डवेअरवाला म्हणाला की साहेब, आत माणूस गेलेला आहे, पण दाराशी कोणी आलं की बरा आहे म्हणून सांगायला एक नोकर ठेवलाय.

शेवटी त्यानेच मशीनखाली हात घालून, अडीअडचणीला दार उघडायला असते ती कुलपाची दोरी ओढली. कोट बाहेर आला. एवढासा. मामांनी तो उंच धरला तेव्हा आधी कोणाला ओळखूच आला नाही. आतल्या पट्टीवर लिहिलं होतं, फक्त ड्रायक्लीन. साहेबांनी ओली किल्ली खिशातून काढली, कोटाकडे पाहिलं, आणि मामांनी दिलेला टॉवेल खांद्यावर घेऊन गेले.

जमेची बाजू: दिवा शेवटपर्यंत बंद पडला नाही.

२५ एप्रिल

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याचा मसुदा नेला होता, समासासकट. त्यांनी तो उलटा ठेवला आणि त्याच्या मागे पेन्सिलीने चित्र काढून समजावलं.

कुलूप निरोप देतं, तो एका चौकटीत लिहिला जातो. माझा प्रोग्राम त्या चौकटीकडे बघत थांबतो. पण वेगवान व्हर्जन बनवणारा कंपायलर हुशार. त्याने विचार केला की या चौकटीत दुसरं कोणी लिहिताना दिसत नाही, मग सारखं सारखं कशाला बघायचं? एकदा बघितलं, दार बंद, तेच खरं धरून बसला. निरोप आधी आला तर बरं, नंतर आला तर जन्मभर कळणार नाही. ही गोष्ट तुझ्या पाठीमागे बदलू शकते, दर वेळी नव्याने बघ, असं त्याला सांगावं लागतं. त्यासाठी व्होलाटाइल म्हणून सूचना असते. मी ती दिली नव्हती. टेबलावरचं सावकाश व्हर्जन बिचारं दर वेळी बघत होतं.

मॅडम म्हणाल्या की ही चूक त्यांनी शिकवलेल्या प्रत्येकाने केलीय, तिचं काही नाही. कुत्रा पहिल्याच दिवशी चावून सांगत होता, इथे बघा, इथे बघा. तू त्याचं तोंड बंद केलंस, त्याचं काय ते बोल.

मी मसुदा उलटून पुन्हा सरळ ठेवला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग म्हणाल्या की दुसऱ्या एका जातीचा कुत्रा असतो. तो नुसतं खाऊन गप्प बसत नाही, दर वेळी वेगळा प्रश्न विचारतो. खरं काम करणाऱ्यालाच त्याचं उत्तर येतं. टायमरकडून पाठांतर करून घेऊन चालत नाही. आपल्या चिपमध्येही ती सोय आहे. मी विचारलं, कुठे? म्हणाल्या, मॅन्युअलमध्ये. मी अजून अनुक्रमणिकेपुढे गेलेले नाही हे त्यांना सांगितलं. विचारायच्या आत.

प्रोबेशन वाढवलं. पर्मनंटचं नंतर बघू. सध्या मामांच्या हाताखाली टॉवेल. साहेबांचा कोट इस्त्री करून परत पाठवायची जबाबदारी माझी, म्हणून खोलीवर आणलाय.

घरी कळवायचं आहे. योग्य शब्द सापडले की कळवेन. सध्या ‘जवळजवळ’ पुरेसं आहे.

२७ एप्रिल

आईचा फोन. मी म्हटलं, हो जेवले, हो बरी आहे.

आई म्हणाली, की मी अजून काही विचारलंच नाही.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तिने विचारलं, भाजी कसली होती?

मला भाजी आठवेना. कोणतंही एक नाव घ्यायचं, एवढं सोपं होतं. टोमॅटो म्हणता आलं असतं. तोंड उघडलं आणि उत्तरच येईना. आई वाट बघत राहिली. तिकडे बाबा विचारत होते की काय झालं, काय म्हणतेय ती? आई म्हणाली, काही म्हणत नाही, तेच तर.

मग मला म्हणाली, उद्याच्या गाडीने येते. मी म्हटलं, अगं कशाला, मी अगदी... तोवर तिने फोन ठेवला होता.

२८ एप्रिल

आई आली. पिशवी ठेवायच्या आधी कपाळाला हात लावून पाहिला. मग मला पहिल्यापासून सुरू केलं. आंघोळ, केसांना तेल, जेवण, भर दुपारी झोप. मी म्हटलं की मला ऑफिस आहे. ती म्हणाली, तुझ्या मॅडमशी बोलले मी. काय बोलली ते सांगत नाही. मॅडमचा नंबर कुठून मिळाला तेही सांगत नाही. सगळं ऐकलंय तिने, हे दिसतंच आहे.

संध्याकाळी बाबांचा फोन. पर्मनंटचं विचारलं नाही. म्हणजे त्यांनाही कळलंय. बराच वेळ घुटमळले, मग म्हणाले की तो दिवा... आमच्या वेळी पंखे साधे होते गं.

त्यांना कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, चूक माझी. ते म्हणाले, बरं, अर्धी तुझी.

३० एप्रिल

साहेबांकडून निरोप आला. कोट परत पाठवू नका. मशीन मात्र पुन्हा बघायला येणार, ऑगस्टमध्ये, साध्या शर्टात.

आईने कोट खुंटीवरून काढला, झटकला, उलटा-सुलटा करून पाहिला. मग घाल म्हणाली. मी म्हटलं, आई, तो पुराव्याचा भाग आहे. ती म्हणाली, घाल.

घातला. खांदे, बाह्या, लांबी. आरशापुढे वळवून वळवून पाहिलं तिने. कॉफीचा डागसुद्धा गेलाय.

अगदी माझ्या मापाचा झालाय.